थेट प्रक्षेपणासाठी अपलोडचा वेगही जाहीर व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जागा मिळणे कठीण होते. ज्यांना जागा मिळत नाही आणि जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला आहेत, ते सामना मोबाइलवर पाहतात. बड्या व्हिडिओ कंपन्यांमार्फत प्रक्षेपण झाले तर ते सहसा सुरळीत चालते, कारण त्यांचे सर्व्हर ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. मात्र एखादे मंडळ, शाळा किंवा संस्था स्वतःच्या संकेतस्थळावरून प्रक्षेपण करू लागली की प्रेक्षक वाढतील तसे चित्र अडखळते. गेल्या हंगामात अशाच एका प्रक्षेपणात उत्तरार्धात चित्र गोठले. गोल झाल्याचे मला मागच्या गल्लीत वाजलेल्या फटाक्यांवरून समजले, आणि पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवरच होता. अशा वेळी आयोजकांना नावे ठेवली जातात, परंतु दोष त्यांच्या मेहनतीत नसून प्रक्षेपणाच्या मांडणीत आहे.

समजा, एक सामना दोन हजार जण पाहत आहेत आणि स्पष्ट चित्रासाठी प्रत्येकाला २ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला वीस लाख बिट डेटा) लागतात. सर्व्हरने प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यायची तर त्याला ४,००० एमबीपीएस बाहेर पाठवावे लागतील, आणि हा खर्च एखाद्या तालीम मंडळाला झेपणारा नाही. पीअर-टू-पीअर पद्धतीत चित्राचे छोटे छोटे तुकडे केले जातात, आणि ज्या प्रेक्षकाकडे तुकडा पोहोचला, त्याचे यंत्र तो इतर प्रेक्षकांना पुढे देते. यामुळे सर्व्हरवरचा भार हलका होतो, पण तो नाहीसा होत नाही; तो प्रेक्षकांच्या अपलोडवर, म्हणजे त्यांच्या जोडणीतून डेटा बाहेर पाठवण्याच्या वेगावर, येतो. सर्व्हरचा आणि सगळ्या प्रेक्षकांचा अपलोड वेग एकत्र करून त्या बेरजेला प्रेक्षकसंख्येने भागले असता जो आकडा येतो, त्याहून चांगले चित्र सर्वांना एकाच वेळी मिळूच शकत नाही. वरच्या उदाहरणात सर्व्हर १०० एमबीपीएसचा आणि प्रत्येक प्रेक्षकाचा अपलोड दीड एमबीपीएस धरला, तर हा आकडा १.५५ भरतो, म्हणजे चित्र अडखळणारच. त्यातही निम्मे प्रेक्षक मोबाइल डेटावर असले आणि त्यांच्याकडून काहीच पुढे गेले नाही, तर उरलेल्यांना प्रत्येकी जवळपास ४ एमबीपीएस द्यावे लागतात.

फाइल उतरवून घेणे आणि थेट सामना पाहणे यांतही मोठा फरक आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरेंट या फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीत तुकडे कोणत्याही क्रमाने आले तरी चालतात, आणि जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो सहसा आधी मागितला जातो. थेट प्रक्षेपणात पुढचे तुकडे अजून तयारच झालेले नसतात आणि वेळ टळून गेल्यावर आलेला तुकडा निरुपयोगी ठरतो. शिवाय प्रेक्षकांची ये-जा चालूच असते. मध्यंतराची शिट्टी वाजताच अनेक जण मोबाइल खाली ठेवतात. सुरुवातीच्या अनेक रचनांत प्रेक्षकांची उतरंड असे, त्यामुळे वरचा एक जण निघून गेला की त्याच्या खालच्या सगळ्यांचे चित्र तुटे. २००४ च्या सुमारास आलेल्या कूलस्ट्रीमिंग या थेट प्रक्षेपणाच्या प्रणालीने प्रत्येक प्रेक्षकाला अनेकांशी जोडले. कोणाकडे कोणता तुकडा आहे हे ते एकमेकांना कळवत आणि जिथून मिळेल तिथून घेत. अशा जाळ्यात एक जण गेल्याने चित्र तुटत नाही, परंतु हातोहात जाण्यात ते आणखी काही सेकंद मागे पडते. फटाके आधी ऐकू येण्याची तक्रार या पद्धतीने मिटणार नाही, हे आयोजकांनी प्रेक्षकांना आधीच सांगितलेले बरे.

हे तंत्र कालबाह्य झाले, असे म्हणणारे स्पॉटिफायचे उदाहरण देतात. त्या कंपनीने २००८ पासून संगणकावरील गाणी याच पद्धतीने पोहोचवली आणि २०१४ मध्ये ती बंद केली. मात्र २०१० मध्ये तिच्याच अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार वाजणाऱ्या गाण्यांचा केवळ ८.८ टक्के डेटा कंपनीच्या सर्व्हरवरून येत होता. बाकीचा श्रोत्यांच्या संगणकांत आधीच साठलेला असे किंवा इतर श्रोत्यांकडून मिळे. कंपनी मोठी झाली, पुरेसे सर्व्हर हाताशी आले आणि तिला श्रोत्यांच्या मदतीची गरज उरली नाही. आपल्याकडील मंडळे आणि शाळा त्या स्थितीला पोहोचलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेचे पीअरट्यूब हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, आणि त्याच्या प्रेक्षकाला साध्या ब्राउझरखेरीज काही लागत नाही.

अडचण आहे ती आपल्या जोडण्यांची. अनेक पुरवठादार बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) देतात, त्यामुळे दोन घरांतील यंत्रांना एकमेकांशी थेट जोडले जाणे अवघड होते आणि डेटा मधल्या सर्व्हरवरून फिरवावा लागतो. मग वाचलेला खर्च पुन्हा तिथे होतो. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देता येईल अशी आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत सर्वत्र नीट सुरू झाल्यास हा अडसर बराच कमी होईल. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती अट केवळ डाउनलोडची आहे. अपलोड किती मिळावा याबद्दल त्या व्याख्येत अक्षरही नाही, आणि जाहिरातींतही बहुधा डाउनलोडचाच आकडा ठळक असतो. ज्या घरातून मुलांचा गृहपाठ, दुकानाचा हिशेब आणि सीसीटीव्हीचे चित्र बाहेर जाते, त्या घराला अपलोडचा आकडा माहीत असायलाच हवा.

शहरातील व उपनगरांतील इंटरनेट पुरवठादारांनी प्रत्येक प्लॅनपुढे आणि प्रत्येक बिलावर अपलोडचा वेग छापावा आणि मागेल त्या ग्राहकाला आयपीव्ही६ द्यावे, अशी माझी विनंती आहे. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी येत्या हंगामात मंडळांच्या संमतीने एक-दोन सामन्यांचे प्रक्षेपण पीअर-टू-पीअर पद्धतीने करून पाहावे, आणि चित्र किती वेळा थांबले, किती सेकंद मागे पडले व सर्व्हरवरून प्रत्यक्षात किती डेटा गेला याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. मात्र या देवाणघेवाणीत प्रेक्षकाचा आयपी पत्ता इतर प्रेक्षकांना दिसू शकतो आणि मोबाइलवर त्याचा डेटाही खर्च होतो. म्हणून त्याला स्पष्ट मराठीत विचारून, त्याने होकार दिल्यावरच त्याचा अपलोड वापरला जावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर