अल्बानियाबद्दल, आपल्या अर्ध्या राहिलेल्या वादानंतर

वसई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. कम्युनिस्टांनी धर्मसंस्थांच्या जमिनी आणि मिजास तेवढी काढून घेतली, साध्या भाविकाला हात लावला नाही, असं तू म्हणालास. जमिनींवरून मी तुझ्याशी भांडणार नाही. पण अल्बानियात काय झालं ते ऐकून घे.

देश चिमुकला. बहुसंख्य मुसलमान, दक्षिणेकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेला श्कोदर शहराच्या आसपास कॅथलिक. तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याने आधी युगोस्लाव्हियाशी, मग रशियाशी आणि शेवटी चीनशीही फारकत घेतली आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. १९६७ साली त्याने धर्माविरुद्ध मोहीम काढली. वर्ष सरायच्या आत दोन हजारांहून जास्त मशिदी, चर्चेस आणि मठ बंद झाले. श्कोदरच्या कॅथेड्रलचं क्रीडागृह केलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सरकारचं काम इथेच संपायला हवं होतं, नाही का? पण १९७५मध्ये धार्मिक वळणाची नावं बदलायचा हुकूम निघाला; माझं नाव तिथे चाललं नसतं. १९७६च्या राज्यघटनेत लिहिलं, राज्य कोणताही धर्म मानत नाही. पुढच्याच वर्षीच्या दंडसंहितेत धर्मप्रचाराला, धार्मिक पुस्तकं बाळगण्यालासुद्धा, ३ ते १० वर्षांची कैद. घरातलं प्रार्थनेचं पुस्तक कुणाची जमीन बळकावतं, सांग बरं?

फादर श्त्येफन कुर्ती आधीच कैद्यांच्या छावणीत होते. एका आईने विनवलं म्हणून त्यांनी तिच्या बाळाला चोरून बाप्तिस्मा दिला. म्हातारपणी त्यांना गोळ्या घातल्या. आमच्याकडे बाप्तिस्म्याला घर भरतं, जेवणावळ उठते. तिथे ओंजळभर पाण्यासाठी माणूस जिवाला मुकला, हे माझ्या मनातून जात नाही.

फादर अर्नेस्ट सिमोनींना १९६३च्या नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा, म्हणजे आमची भाकर-द्राक्षारसाची उपासना, संपताच पकडलं. फाशीची शिक्षा कमी करून सक्तमजुरीवर आणली. खाणीत राबताना ते पाठ असलेली लॅटिन मिस्सा म्हणायचे. चोरून भाजलेली भाकर, द्राक्षांचा पिळून काढलेला रस, एवढ्यावर. इतर कैदी त्यांच्यापाशी कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करायचे. १९८१मध्ये सुटले, तर श्कोदरच्या गटारांत कामाला लावलं. २०१४ साली राजधानी तिरानाला त्यांच्या तोंडून हे ऐकताना पोप फ्रान्सिस यांचे डोळे भरून आले. दोन वर्षांनी त्यांनी या साध्या धर्मगुरूला कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालच्या मानाचा धर्माधिकारी, केलं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की छळणाऱ्यांबद्दल त्यांनी कडवट शब्द काढला नाही.

आणि आपल्या मदर तेरेसा, मूळच्या अल्बानियन घरातल्या. १९२८ साली, अठरा वर्षांच्या असताना, त्यांनी जन्मगाव स्कोप्ये सोडलं, आईचा निरोप घेतला आणि पुढे भारतात आल्या. आई द्राने आणि बहीण आगे नंतर तिरानाला राहायला गेल्या. त्या दोघींना देशाबाहेर पडायची परवानगी मिळावी म्हणून मदरनी किती खटपट केली! सगळं जग त्यांना मान देत होतं, पण होजाचं सरकार बधलं नाही. आई १९७२ साली गेली, बहीण त्यानंतरच्या वर्षी. मदरना तिराना पाहायला मिळालं ते १९८९मध्ये, होजा मेल्यावर.

म्हणून म्हणतो, त्यांचा राग संस्थेवर नव्हता. माणसाच्या मनात सरकारखेरीज दुसरं कुणी वस्तीला असणं त्यांना सोसवत नव्हतं. तरी ते पुसलं गेलं नाही. ४ नोव्हेंबर १९९० रोजी, २६ वर्षं तुरुंगात काढलेल्या फादर सिमोन युबानींनी श्कोदरच्या कबरस्तानात उघड मिस्सा केली. कम्युनिस्ट सरकार तेव्हा अजून खुर्चीवर होतं! माणसांची रीघ लागली आणि तिच्यात मुसलमान शेजारीही होते. त्याच महिन्यात तिथल्या मशिदीत नमाज झाला, तेव्हा ख्रिस्ती गेले.

माझ्यावर चिडू नकोस. तुझ्या पक्षाच्या जुन्या माणसांनी इथे कष्टकऱ्यांसाठी काय केलंय ते मी जाणतो. पण पुढच्या पत्रात मला एकाच गोष्टीचं उत्तर दे: त्या म्हातारीला लेकीला भेटू न देऊन कोणत्या कामगाराचं भलं झालं?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. नाताळला सगळ्यांना घेऊन ये.

तुझा,
पीटर