कागदावर जन्मलेली गाडी

रॉयल ओक, मिशिगन
१२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण माझे सगळे शनिवार शेजारच्या काकांच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांच्याकडे १९६५ची पाँटियाक जीटीओ आहे. एकावर एक बसवलेले हेडलाइट, लांबलचक बॉनेट. चालू केली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. काकांना एकच गोष्ट हवी होती: ही कारखान्यातून जीटीओ म्हणूनच निघाली, की कुणी मागाहून बनवली?

तू म्हणशील, चेसिस नंबर बघायचा की! तिथेच तर गोम आहे.

१९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. पाँटियाक हा त्यांतलाच एक विभाग, त्याचं तर नावच शर्यतींवर झालेलं. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असाही दंडक होता. जॉन डिलोरियन तेव्हा तिथे मुख्य इंजिनिअर. टेम्पेस्ट या पाँटियाकच्या मधल्या आकाराच्या गाडीतलं ३२६ घनइंचांचं इंजिन आणि मोठ्या गाड्यांतलं ३८९चं, दोन्ही बाहेरून एकाच मापाची, हे त्यांच्या माणसांनी हेरलं. एक काढून दुसरं ठेवलं की झालं! आणि ऑप्शन म्हणून दिलं तर दंडकही आड येत नव्हता. म्हणून १९६४ला जीटीओ आली ती स्वतंत्र गाडी म्हणून नाहीच, तर टेम्पेस्टच्याच लेमान्स नावाच्या प्रकारावर घ्यायचा सुमारे २९५ डॉलरचा ऑप्शन म्हणून. नाव फेरारीचं उचललेलं. विक्रीखातं ५,००० गाड्यांना कसंबसं तयार झालं होतं. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या, दुसऱ्या वर्षी ७५,३५२, तिसऱ्या वर्षी ९६,९४६. मला हे आकडे पाठ झालेत, बंड्या.

तर सांगायचं म्हणजे, ६४ आणि ६५च्या गाड्यांचा नंबर फक्त ‘लेमान्स’ म्हणतो. १९६६ला जीटीओ वेगळी मालिका झाली, तेव्हा नंबर २४२ने सुरू होऊ लागला. त्याआधीच्या कुठल्याही लेमान्सला बिल्ले चिकटवले आणि इंजिन बदललं, की नुसत्या नंबरावरून फरक कळणं अशक्य.

मग आम्ही खुणा शोधत बसलो. इंजिनमागच्या पत्र्यावर बॉडीची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘०३सी’ होतं, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. ब्लॉकवर ओतकामाची तारीख निघाली, २३ फेब्रुवारी १९६५. इंजिन आधी ओतलेलं, बॉडी नंतर, इथवर जुळलं. खरी अडचण पुढची. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला दोन अक्षरं ठोकलेली असतात, ती रंग आणि ग्रीसखाली पार बुजलेली. रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, तरी वाचता येईनात. तेव्हा मला आपलं आरटीओ आठवलं. चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासायचो ना, तसंच केलं. कागदावर हळूहळू उमटलं: डब्ल्यूटी.

काका गप्प झाले. त्यांच्या गाडीवर तीन कार्ब्युरेटर आहेत, ३६० हॉर्सपॉवरवाल्या गाडीचे. त्या इंजिनावर डब्ल्यूएस असतं. डब्ल्यूटी म्हणजे एकच चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, ३३५ हॉर्सपॉवर. विकणाऱ्याने त्यांच्याकडून पैसे मात्र तिनाचे घेतले होते. मला फार वाईट वाटलं.

पाँटियाक विभाग २०१०मध्ये बंद पडला, पण गाड्या डीलरकडे धाडताना केलेल्या बिलांच्या मायक्रोफिल्म सांभाळून ठेवल्यात. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे नंबर पाठवला की त्या बिलाची नक्कल मिळते. परवा ती आली. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. जीटीओचा ऑप्शन स्पष्ट लिहिलेला होता! तीन कार्ब्युरेटर कुठेच नव्हते. काकांचे वडील पाँटियाकच्याच कारखान्यात होते, त्यामुळे ते बिल हातात धरून काका बराच वेळ उभे राहिले.

मी म्हटलं, कार्ब्युरेटर राहू द्या, पण विकाल तेव्हा हे कागद सोबत द्या. ते म्हणाले, विकतंय कोण?

तुझ्या बाबांची पद्मिनी अजून वाड्यात उभी आहे ना? तिच्या इंजिन नंबरचाही पेन्सिलीने ठसा काढून पाठव. काकांना दाखवायचाय, ते रोज विचारतात.

तुझा,
नाना