सिनेमावरून कादंबरी जोखू नका

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'क्रेझी रिच एशियन्स' या कादंबरीवरचे टिपण वाचले. अतिश्रीमंतांचे चोचले आणि ब्रँडच्या नावांची यादी, यापलीकडे पुस्तकात काही नाही, असे म्हणून लेखकाने ते निकालात काढले आहे. मला राहवले नाही म्हणून लिहीत आहे. ज्या दोन प्रसंगांवर त्यांनी एवढा भर दिला, ते पुस्तकात नाहीतच. नायिका रेचल आणि तिचा सिंगापूरचा श्रीमंत प्रियकर निक याची आई माहजाँग या चिनी खेळाच्या पटावर समोरासमोर बसतात, शेवटी विमानात पाचूची अंगठी पुढे येते, हे सारे २०१८ च्या सिनेमातले. केविन क्वान यांची कादंबरी २०१३ ची. निकच्या नात्यातल्या अॅस्ट्रिडच्या नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण सिनेमात खरे आहे. पुस्तकात मात्र तो बाहेर प्रकरण असल्याचे सोंग करतो, कारण बायकोच्या माहेरच्यांपुढे रोज लहान होणे त्याला सोसवत नाही आणि तिने आपणहून सोडून जावे असे त्याला वाटते. एवढा फरक असताना एकावरून दुसऱ्याची परीक्षा कशी होईल?

ही कादंबरी पैशाची कमी आणि घराण्याची जास्त आहे. पुस्तकाची सुरुवातच पाहा. १९८६ चे लंडन, पाऊस, सोळा तासांचा विमानप्रवास करून आलेली बायका-मुले. सोबतची फेलिसिटी इतकी श्रीमंत, की हॉटेलने खोल्या नाकारल्यावर नवरा ते हॉटेलच विकत घेतो. पण भुयारी रेल्वेच्या स्टेशनपासून त्या हॉटेलपर्यंत तिने सगळ्यांना भिजत चालवत आणलेले असते, कारण एवढ्याशा अंतराला टॅक्सी करणे म्हणजे पाप! ही बाई मला वाचताक्षणी ओळखीची वाटली. पाटल्या-बांगड्या लॉकरमध्ये आणि भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस, अशा किती जणी आपण पाहिल्या आहेत.

ही फेलिसिटी निकच्या वडिलांची बहीण. इंग्रजीत तिला नुसते 'आंट' म्हणून भागत नाही, म्हणून क्वान कँटोनीज या चिनी बोलीतला शब्द ठेवतात आणि अर्थ सांगतात. मराठीत ती सरळ मोठी आत्या. अॅस्ट्रिड आतेबहीण, हाँगकाँगचा भपकेबाज एडी आतेभाऊ. इंग्रजीत 'कझिन'च्या ढिगात हरवलेली ही माणसे आपल्या भाषेत आपापल्या जागी जाऊन बसतील. म्हणूनच या पुस्तकाचा मराठी अनुवाद व्हावा असे मला मनापासून वाटते. एकच विनंती, तळटीपांना कात्री लावू नये. हॉक्किन या चिनी बोलीतल्या आणि मलय शब्दांचे, खाण्यापिण्याचे, शिव्यांचे अर्थ लेखक तिथे सांगतो आणि निम्मे हसू त्या टीपांतच आहे.

स्थळाची चौकशी तर आपल्याला सांगायलाच नको. रेचल न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्राची प्राध्यापक, हुशार, सालस. तरी निकची आई एलेनॉर हिचा प्रश्न एकच, मुलगी कोणाची? त्यासाठी ती थेट चीनमधले शेन्झेन गाठते आणि पैसे मोजून रेचलच्या बापाची माहिती काढते. हा भाग वाचताना हसू मावळते.

उणिवा आहेत. कपड्या-दागिन्यांची वर्णने मीही काही ठिकाणी चाळून पुढे गेले. मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांचे सिंगापूर या गोष्टीत जवळपास नाही. सिनेमावर ही टीका खुद्द सिंगापुरात झाली आणि ती रास्तच आहे.

पण एका प्रसंगासाठी मी हे पुस्तक कोणालाही वाचायला देईन. रेचल पहिल्यांदा निकच्या आजीच्या बंगल्यात, टायरसॉल पार्कला जाते, ती रात्र. आजीने माणसे का बोलावली आहेत, तर 'तान हुआ' फुलणार आहे. तान हुआ म्हणजे आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते, रात्री उमलून सकाळी मान टाकणारे पांढरे फूल. माझ्या सासूबाईंनी लावलेल्या कुंडीला गेल्या पावसाळ्यात एका रात्री अकरा फुले आली. साडेनऊला वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग समोरचे आजी-आजोबा, पोरेटोरे. गॅलरीतला दिवा मालवला, सगळ्यांना मसाला दूध दिले. कळीची पाकळी सुटताना हलते ती पाहायला सगळे श्वास धरून उभे होते. सहा महिन्यांनी पुस्तकात ते पान आले आणि मी ते दोनदा वाचले. त्या आजीच्या दारावर गुरखे आहेत, दिमतीला दासी आहेत; पण फूल उमलायच्या रात्री तिलाही घरात माणसे लागतात.

पुरवणीने या कादंबरीवर पुन्हा एकदा, ती पूर्ण वाचलेल्या कोणाकडून तरी लिहून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक