दृश्यांकन म्हणजे सजावट नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील वैज्ञानिक दृश्यांकनावरील, म्हणजे शास्त्रीय आकडेवारी चित्ररूपात दाखवण्याच्या पद्धतीवरील, लेखात या क्षेत्राचे सारे श्रेय वेगवान संगणकांना देऊन ॲनिमेशनला ‘निष्कर्षांची सजावट’ म्हटले आहे, ते पटले नाही. लेखात ओझरता उल्लेख असलेली, शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाची प्रयोगशाळा १९७३ मध्ये उभी राहिली ती संगणकशास्त्रज्ञ टॉम डीफँटी आणि कलाविभागातील डॅन सँडिन या दोघांच्या पुढाकाराने. सँडिन यांनी चलच्चित्रांवर प्रक्रिया करणारे स्वतःचे यंत्र बनवले होते आणि त्याचे आराखडे मागेल त्याला दिले (आज हे औदार्य दुर्मीळच). भिंतींवर त्रिमित चित्रे प्रक्षेपित करून अभ्यासकाला जणू आकडेवारीच्या आत उभे करणारी ‘केव्ह’ ही खोली याच प्रयोगशाळेने १९९२ च्या ‘सिग्राफ’ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत दाखवली. पुढे १९९५ मध्ये ‘आय-वे’ प्रयोगात अमेरिकेतील महासंगणक केंद्रे अतिवेगवान जाळ्याने सॅन दिएगोतील महासंगणकविषयक परिषदेशी जोडली गेली, तेव्हा दूरच्या यंत्रांवर चाललेली गणिते तिथे चित्ररूपात पाहता आली.

जाळ्यातून आकडे कितीही वेगाने आले, तरी त्यांतील कोणती राशी रंगाने आणि कोणती हालचालीने दाखवायची, हे ठरवणे संशोधनाचाच भाग असते. इंद्रधनुषी रंगपट्टी वापरली, तर संथपणे बदलणाऱ्या तापमानाच्या नकाशातही मुळात नसलेल्या सीमारेषा दिसू लागतात, आणि ही चूक संगणकाचा वेग वाढवून सुधारत नाही. लेखाचा उत्तरार्ध येणार असल्यास त्यात या बाजूलाही जागा मिळावी.

— एक वाचक, पुणे