ताई, एडिटर सुरळीत चालू आहे

सप्रेम नमस्कार ताई,

फोनवर आभार मानले होतेच, पण तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही जे समजावलंत ते इतरांच्याही कामाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझा लॅपटॉप जुना, मेमरी कमी. म्हणून कोड-सर्व्हर (ब्राउझरमध्ये चालणारा व्हीएस कोड एडिटर) डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या बंदिस्त जागेत, सर्व्हरवर चालवायचा आणि इकडून फक्त ब्राउझर उघडायचा, असा बेत होता. पान उघडलं, पासवर्ड चालला, फाइल्स दिसल्या. पण सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही! जिथे शोधावं तिथे एकच उपाय सापडायचा: फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन टाका. तुम्ही त्याला ठाम नकार दिलात आणि आधी फाइल्सची यादी मालकांच्या नावांऐवजी आकड्यांत बघायला लावलीत. सर्व्हरवर फोल्डरचा मालक 1001, आणि कंटेनरच्या आतला 'कोडर' नावाचा वापरकर्ता 1000. लिनक्स मालकी ओळखतो ती या आकड्यावरून, नाव फक्त आपल्या सोयीसाठी. कंटेनर सुरू करतानाच माझा यूजर आयडी (तोच 1001) दिला आणि प्रश्न मिटला, एकाही फाइलची परवानगी न बदलता. हे तुम्ही मला तयार कमांड पाठवूनही करू शकला असतात. तसं न करता ते दोन आकडे मला स्वतःला शोधायला लावलेत, यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

मग एक्स्टेन्शन्स, म्हणजे एडिटरला जोडायच्या जास्तीच्या सोयी. कंटेनर काढून नव्याने तयार केला की सगळी गायब, कारण ती कंटेनरच्याच आत होती. काय इमेजमधून (ज्या तयार साच्यावरून कंटेनर बनतो त्यातून) येतं आणि काय आपलं म्हणून बाहेर ठेवायचं, हे तुम्ही वेगळं करून दाखवलंत. प्रोजेक्टच्या फोल्डरसोबत होममधले '.लोकल' आणि '.कॉन्फिग' हेही बाहेरून जोडले. पहिल्यात एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्ज, दुसऱ्यात पासवर्डची फाइल. आता नवी इमेज आणताना धाकधूक होत नाही. काही एक्स्टेन्शन्स इथे मिळतच नाहीत, कारण कोड-सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसऐवजी ओपन व्हीएसएक्स या खुल्या संग्रहातून ती घेतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण खरी मोलाची गोष्ट पोर्टची, म्हणजे सर्व्हरवर बाहेरून जोडण्याच्या क्रमांकित दाराची. एडिटरचा पोर्ट 8080 सरळ सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा आणि फायरवॉल आहेच, असा सर्वसाधारण समज असतो. डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांत) स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं पोर्टही बाहेरून उघडं राहू शकतं, हे तुम्ही सांगितलंत. आणि या एडिटरमध्ये टर्मिनल आहे. ज्याला पासवर्ड मिळाला, त्याला त्या कंटेनरमध्ये हवं ते चालवता येतं आणि जोडलेले सगळे फोल्डर त्याच्या हाती जातात. म्हणून पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहायचं, म्हणजे तो फक्त त्या सर्व्हरच्या आतूनच उघडतो, आणि लॅपटॉपवरून एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित मार्ग) टाकून आत यायचं.

यातून आणखी एक अडचण आपोआप सुटली, ती मला फार आवडली. साध्या एचटीटीपीवर दुसऱ्या यंत्रावरून उघडलं की क्लिपबोर्ड आणि मार्कडाउनचा प्रीव्ह्यू धड चालत नव्हते. ब्राउझर या सोयी फक्त सुरक्षित पत्त्यावर देतो. पण लोकलहोस्टला, म्हणजे स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्याला, तो सुरक्षितच मानतो. टनेलमुळे पत्ता लोकलहोस्ट झाला आणि एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राशिवाय दोन्ही चालू झाले. पुढे कधी रिव्हर्स प्रॉक्सी (एडिटरच्या पुढे उभा राहून विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर) लावली तर वेबसॉकेटसाठीचे, म्हणजे ब्राउझर आणि एडिटरमधल्या सतत चालू राहणाऱ्या जोडणीसाठीचे, अपग्रेड हेडर पुढे पाठवायला विसरू नकोस, नाहीतर पान उघडेल पण एडिटर सारखा 'पुन्हा जोडत आहे' म्हणत बसेल, हे तुमचं सांगणं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

सगळं आता एका कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा हे लिहिलेल्या डॉकरच्या फाइलमध्ये) आहे आणि प्रत्येक ओळीवर ती का आहे याची टिप्पणी. टीममधल्या नव्या मुलींना मी तीच फाइल देते, आणि त्यांनाही आधी आकड्यांची यादी बघायला लावते. तुम्ही तुमच्या कामाच्या धबडग्यातून इतका वेळ दिलात, एकदाही घाई केली नाहीत. मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक कृतज्ञ सहकारी