चि. अमोलला, डब्यासोबत

चि. अमोल यास आईचे अनेक आशीर्वाद.

पंकज उद्या पुण्याला निघतोय. त्याच्याजवळ चिवडा आणि अनारसे देते आहे. भाऊबीजेला तू तडक निघून गेलास, छकुलीचं ताट तसंच राहिलं. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण चार ओळींच्या वर गेलं की तू नुसता अंगठा पाठवतोस.

भांडण उकरायला लिहीत नाही. तुझ्या हातातून मी फोन ओढायला नको होता असं बाबा म्हणतात. "जाऊ दे ना व, पोट्टं थकलं असन." मला नाही तसं वाटत. मी काय पाहिलं ते तुला ठाऊक नाही. रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर तू सपरीत पांघरूण घेऊन पडलेला, तोंडावर फोनचा उजेड. एक पोरगा रडत होता, परीक्षेत इतकी वर्षं गेली, बापाला काय तोंड दाखवू म्हणत. तुझा अंगठा वर सरकला. दुसरा पोरगा, तेच रडणं, मागे रडकं गाणं. मग तिसरा. तू रडतही नव्हतास, आणि मी मागे उभी आहे हेही तुला कळलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तूच मला समजावलं होतंस. लाइक नाही केलं तरी चालतं, अंगठा कुठे थबकला, किती वेळ थबकला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का, हे सगळं ॲप मोजतं आणि त्यावरून पुढचं ठरतं. सुख-दुःख त्याला कळत नाही, तुझं थांबणं कळतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मग श्रावणात बाबांची छाती दुखली. पुसदला नेऊन ईसीजी काढला, निघालं पित्त. पण आदल्या रात्री घाबरून मी फोनला विचारलं होतं, डाव्या हाताला मुंग्या का येतात. झालं! पोळा गेला, गणपती गेले, तरी फोन उघडला की कुणीतरी डॉक्टर छातीवर हात ठेवून उभाच. लग्नात नाचता नाचता पडलेली बाई, जिममध्ये कोसळलेला पोरगा. बाबांना शेतातून यायला उशीर झाला की माझे पाय लटपटायचे. धडधाकट माणूस, तीन भाकरी खाऊन घोरणारा, आणि मी रात्री उठून त्याचा श्वास बघायची. म्हणून तुझ्या त्या तीन पोरांची मला भीती वाटली. ते तुझ्या मनातलं बोलत होते, की रोज ऐकून ऐकून ते तुझ्या मनात बसलं?

छकुलीने मला वाचून दाखवलं. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने आठवडाभर सुमारे ६ लाख ८९ हजार लोकांवर प्रयोग केला. काहींना आनंदाच्या पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. विचारलं कुणालाच नाही. २०१४ मध्ये छापून आलं तेव्हा जगाला कळलं. ज्यांना आनंदाचं कमी दिसलं, ते स्वतःही जरा जास्त उदास लिहायला लागले. फरक चिमूटभरच होता, हे तिने मुद्दाम सांगितलं, तुझीच बहीण ती. पण मला त्या लाखांचं काय करायचंय, माझी पोरं दोनच. आणि २०१७ मध्ये त्याच फेसबुकने, कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवताना, रागाच्या लाल तोंडासकट पोस्टखालच्या त्या सगळ्या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. रागाचं वजन शून्यावर यायला २०२० उजाडलं. मोठे बाबा दिवसभर कुणावर चिडलेले असतात, ते आता मला कळतंय.

तर रात्री दहानंतर फोन दूर ठेव. रूमवरच्या पोरांबरोबर जेव, एकटा जेवू नको. सकाळी मैदानावर जा. पूर्व परीक्षा पुन्हा येते, डोळे आणि झोप पुन्हा येत नाही, आणि... बघ, लागले भाषण द्यायला. राग मानू नको. आपल्याच तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये ठराव केला होता, अठराच्या आतल्या पोरांच्या हाती मोबाइल नको. तुझ्या वयाच्या घोड्यासाठी कोणती ग्रामसभा बसवू?

पहिलीत असताना तू दिसेल ते मोठ्याने वाचायचास. बसच्या पाट्या, खताची पोती, सगळं. एकदा फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण बघितलास, तिथलं 'विष' वाचलंस आणि खडूने कोठीच्या दारावर लिहून ठेवलंस, 'हात लाऊ नये'. 'वू'च्या जागी 'ऊ' लिहिलेला. बाबांनी ते दार रंगवताना तेवढी जागा सोडली, अजून आहे. वामनकाका गेला त्या वेळी आम्ही दोघं त्याच दारापाशी बसलो होतो. तेव्हा कुणाकडे असा फोन नव्हता. कर्ज होतं, नापिकी होती, आणि तो कुणाशी बोलत नव्हता. सगळं फोनच करतो असं मी म्हणत नाही रे. तू कुणाशी बोलत नाहीस, एवढंच म्हणते.

चार मार्कांनी राहिलास हे मी अंगणवाडीत निकालाच्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाही. कटऑफच्या इतक्या जवळ गेलेला आपल्या गावात दुसरा कोण आहे? मदतनीस ताईने तर तिच्या नातवाला तुझं जुनं भूगोलाचं पुस्तक मागितलं. दिलं, विचारायचं राहिलं.

वेचणीला बाया मिळत नाहीत, मी सुटीच्या दिवशी जाते. रविवारी फोन करेन. उचल.

तुझी,
आई

ता. क. छकुली म्हणते, तसला व्हिडिओ आला की तो दाबून धरायचा, 'नॉट इंटरेस्टेड' येतं, ते दाबायचं. मी हृदयाच्या डॉक्टरांवर दाबलं, पंधरवड्यात कमी झाले. आता भजनं आणि कुरडयांचे व्हिडिओ येतात. तू पण दाबून बघ. आज रात्रीच बघ.