वाचलेला तास वर्कशॉपला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा यूजीसीने पदवीला २०२१ मध्ये दिली. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमाही आज ना उद्या त्याच वाटेने जाणार. थिअरी मोबाइलवर जायला आमची हरकत नाही, पण त्यातून वाचलेला तास कुठे जाणार ते आधी ठरवा.

२० जणांची बॅच, ५ लेथ (धातू कातायची यंत्रे) आणि दोन तासांचे प्रॅक्टिकल असा हिशेब धरा. एका लेथवर चौघे, म्हणजे प्रत्येकाला ३० मिनिटे. त्यातली दहा-बारा मिनिटे चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, जॉब (कातायचा तुकडा) सरळ बसवण्यात आणि टूलचे टोक सेंटरच्या उंचीला आणण्यातच जातात. फेसिंग (टोक सपाट करणे) कसेबसे होते, टर्निंग (बाजू गोल कातणे) अर्धवट राहते. जर्नलमध्ये मात्र सगळे पूर्ण होते! हेच जॉब सेटिंग पोराने आदल्या रात्री व्हिडिओत पाहिले आणि थिअरीचा एक तास वर्कशॉपला जोडला, तर त्याच्या वाट्याला ४५ मिनिटे येतात.

व्हिडिओ हलके हवेत. सेकंदाला ४०० किलोबिट या दराने काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ ३० एमबीत बसतो. तो कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेता येतो. मग मंठा किंवा सेनगावच्या खेड्यात लाइट गेली आणि टॉवर बंद पडला तरी अडत नाही. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर लाइव्ह लेक्चरचा हट्ट धरला, तर दुपारपर्यंतच पॅक संपतो. घरात मोबाइल एकच असेल तर बोलायलाच नको.

व्हर्च्युअल लॅब, म्हणजे पडद्यावरची प्रयोगशाळा, ही प्रॅक्टिकलच्या आधीची तयारी म्हणून उत्तम. प्रॅक्टिकलच्या जागी ती चालणार नाही, कारण पडद्यावर सहसा काही बिघडत नाही. तिथल्या व्हर्नियरला (बारीक माप घ्यायच्या साधनाला) बहुधा झिरो एरर, म्हणजे शून्यावरच चुकलेले माप, नसते आणि जबडे जास्त आवळले म्हणून रीडिंग ०.०२ मिमीने हलत नाही. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून व्होल्टेज मोजायला गेले की फ्यूज उडतो, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुढे प्रोब लावण्याआधी नॉब बघतो.

सिव्हिलची स्लम्प टेस्ट घ्या: शंकूत भरलेले ओले काँक्रीट शंकू उचलल्यावर किती खचते, ते त्यात मोजतात. ३०० मिमी उंचीचा शंकू, १६ मिमीची सळई, प्रत्येक थराला २५ ठोके. पाठ करायला सोपे. पण शंकू तिरका उचलला की ढीग एका बाजूला घसरतो आणि ते रीडिंग टाकून द्यावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात चाळिशीपार पाऱ्यात मिक्स वीस मिनिटे तसेच राहिले, तर त्याच काँक्रीटचा स्लम्प कमी भरतो. ठेकेदार तेव्हा साइटवर बादलीभर पाणी ओततो. ते का ओतू द्यायचे नाही, हे उद्या याच पोराला सांगावे लागणार आहे.

ऑनलाइन असाइनमेंटची उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यामुळे त्या गुणांवर फार भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा तंत्रशिक्षण मंडळाने ओरलच्या गुणांत दोष शोधण्याला वाटा द्यावा. परीक्षकाने सर्किटमधली एक वायर मुद्दाम ढिली ठेवावी आणि विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत.

आपले,
तंत्रनिकेतनातील काही अध्यापक, जालना